वफादारीचे दाखले : एडवर्ड जी. रॉबिन्सन यांची गोष्ट

पैगंबरांची भूमिका एखाद्या नटाने करावी, हे आपल्यापैकी अनेकांना पटत नाही. तरीही १९५६ साली आलेला 'द टेन कमांडमेंट्स' हा चित्रपट आपल्याकडे बऱ्याच जणांनी पाहिला आहे. मूसा अलैहिस्सलाम आणि फिरऔन यांची कथा, समुद्र दुभंगण्याचा तो प्रसंग, चार्लटन हेस्टन यांची दाढी, हे सगळे लक्षात राहते. त्याच चित्रपटात दाथान नावाचे एक पात्र आहे. तो बनी इस्राईलचाच माणूस, पण हाकिमांची मर्जी राखण्यासाठी आपल्याच लोकांवर पहारा ठेवतो, त्यांच्या चुगल्या करतो. पुढे सोन्याच्या वासराची चिथावणीही तोच देतो. कुरआनात वासराची कथा सामिरीच्या नावाने येते आणि जमिनीत गाडला गेलेला म्हणून कारूनचे नाव येते. बायबलमध्ये कोरहबरोबर जमिनीने ज्यांना गिळले, त्यांत हा दाथान आहे.

दाथानची भूमिका करणारे ठेंगणे, रुंद चेहऱ्याचे, जाड ओठांचे नट म्हणजे एडवर्ड जी. रॉबिन्सन. ते स्वतः ज्यू होते. आणि हा चित्रपट येण्याच्या चारच वर्षे आधी, एका सरकारी समितीसमोर बसून त्यांना आपल्या ओळखीच्या माणसांची नावे घ्यावी लागली होती. चुगलखोराची भूमिका त्यांच्या वाट्याला यावी हा योगायोग मला नेहमी अस्वस्थ करतो.

गोष्ट सुरू होते रुमानियात. १२ डिसेंबर १८९३ रोजी बुखारेस्ट शहरात एका ज्यू घरात मुलगा जन्मला. नाव इमॅन्युएल गोल्डनबर्ग. घरात यिडिश बोलली जायची. त्या काळच्या रुमानियात ज्यू लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते, पण त्यातल्या बहुतेकांना नागरिकत्व नव्हते. कायद्याच्या नजरेत ते परकेच. इमॅन्युएलच्या एका भावावर ज्यूद्वेष्ट्या जमावाने हल्ला केला आणि घराने देश सोडायचे ठरवले. १९०४ मध्ये दहा वर्षांचा हा मुलगा न्यूयॉर्कला उतरला. आपले खरे आयुष्य तिथून सुरू झाले, असे त्यांनी म्हातारपणी लिहून ठेवले आहे. ज्याला जन्मभूमीने आपले म्हटले नाही, त्याने नव्या भूमीवर किती जीव लावला असेल, हे समजायला फार पुस्तके वाचावी लागत नाहीत.

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या दाटीवाटीच्या वस्तीत तो वाढला. इंग्रजी शिकला. आधी धर्मगुरू व्हायचे मनात होते, मग वकील व्हायचे ठरवले. सिटी कॉलेजमध्ये शिकत असताना नाटकाने पकडले आणि अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रमॅटिक आर्ट्समध्ये शिष्यवृत्ती मिळाली. तिथे नाव बदलावे लागले. इमॅन्युएल गोल्डनबर्ग हे नाव नाटकाच्या जाहिरातीवर चालणार नव्हते. तो एडवर्ड रॉबिन्सन झाला. मधला 'जी' मात्र त्याने ठेवला. गोल्डनबर्गमधले तेवढे एक अक्षर आयुष्यभर त्याच्या नावात राहिले.

आपल्याला हे नवीन नाही. युसूफ खान दिलीपकुमार झाले, मुमताज जहाँ मधुबाला झाली, महजबीन मीनाकुमारी झाली. प्रत्येकाची कारणे वेगळी होती आणि सगळ्यांची एकच दुखरी कहाणी करण्याची गरज नाही. पण पडद्यावर येण्यासाठी घरातले नाव दारात ठेवून यावे लागते, ही रीत मुंबईत होती तशीच न्यूयॉर्कमध्येही होती.

१९१५ पासून पंधराएक वर्षे रॉबिन्सन रंगभूमीवर काम करत राहिले. मधे पहिल्या महायुद्धात अमेरिकी नौदलातही होते. मग जानेवारी १९३१ मध्ये वॉर्नर ब्रदर्सचा 'लिटल सीझर' आला. दिग्दर्शक मर्विन लेरॉय. रॉबिन्सन त्यात रिको नावाचा गुंड झाले होते. लहानशा शहरातून येऊन मोठ्या शहराच्या गुन्हेगारी जगात वर चढणारा आणि शेवटी गटारीच्या कडेला मरणारा. बोलता बोलता सिनेमा शिकत होता, महामंदी सुरू होती, दारूबंदीमुळे गुंडांची नावे रोज वर्तमानपत्रात येत होती. चित्रपट प्रचंड चालला आणि रॉबिन्सन रातोरात स्टार झाले. पुढे अनेक वर्षे गुंड म्हटले की हाच चेहरा लोकांच्या डोळ्यांपुढे येई.

प्रत्यक्षात माणूस अगदी उलट. अनेक भाषा जाणणारा, संगीत ऐकणारा, चित्रांचा वेडा. चित्रीकरणात पिस्तूल झाडताना त्यांच्या पापण्या मिटायच्या, म्हणून त्यांना चिकटपट्टी लावावी लागली, असे सांगतात. पण इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. रिको हा इटालियन दाखवला होता. एका अल्पसंख्य समाजातून आलेला नट दुसऱ्या अल्पसंख्य समाजाचा गुंड रंगवत होता आणि इटालियन म्हणजे टोळीवाला ही समजूत घट्ट होत होती. हिंदी सिनेमातला गुंड कोणत्या मोहल्ल्यातून येतो, त्याच्या गळ्यात काय असते आणि डोळ्यांत काय घातलेले असते, हे पाहत आपण मोठे झालो आहोत. त्यामुळे रॉबिन्सनच्या यशाकडे पाहताना ही बाजू आपल्या नजरेतून सुटू नये.

१९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. अमेरिकेतले बरेच स्टुडिओ जर्मन बाजार हातचा जाईल म्हणून गप्प होते. रॉबिन्सन गप्प बसले नाहीत. डिसेंबर १९३८ मध्ये चित्रपटसृष्टीतील ५६ जण त्यांच्या घरी जमले आणि जर्मन मालावर बहिष्काराची मागणी करणाऱ्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. १९३९ मध्ये, युद्ध सुरू होण्याच्या काही महिने आधी, 'कन्फेशन्स ऑफ अ नाझी स्पाय' आला. एका मोठ्या अमेरिकी स्टुडिओने नाझींचे उघड नाव घेऊन काढलेला हा पहिला चित्रपट मानला जातो. त्यात नाझी हेरांचा माग काढणारा सरकारी अधिकारी रॉबिन्सन झाले. ही भूमिका त्यांनी पुढे होऊन मागितली होती. त्यानंतरच्या वर्षी त्यांनी शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांची भूमिका केली. एर्लिख यांनी सिफिलिसवरचे औषध शोधले होते. ते जर्मन होते आणि ज्यू होते. चित्रपटात मात्र त्यांच्या ज्यू असण्याचा उघड उल्लेख जवळजवळ टाळला गेला. ज्यूंचा छळ करणाऱ्यांना उत्तर द्यायचे, पण 'ज्यू' हा शब्द जपून वापरायचा, अशी ती तऱ्हा होती.

युद्धात अमेरिका उतरली तेव्हा रॉबिन्सन पन्नाशीच्या जवळ आले होते. सैन्यात जाण्याचे वय उलटले होते. मग ते लंडनला गेले आणि सरकारच्या युद्ध-माहिती खात्यासाठी सहाहून अधिक भाषांतून नाझींच्या ताब्यातील देशांना उद्देशून रेडिओवर बोलले. १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या सैनिकांचे मनोरंजन करायला गेले. बुखारेस्टच्या रस्त्यावरून आणलेल्या भाषा अशा कामी आल्या.

अभिनयाच्या दृष्टीने हीच वर्षे त्यांच्या बहराची. १९४४ च्या 'डबल इंडेम्निटी'मध्ये ते विमा कंपनीत खोटे दावे पकडणारे बार्टन कीज झाले. नायक दुसराच आहे, पण चित्रपट संपल्यावर आठवतो तो कीज. खोटेपणाचा वास येताच ज्याच्या पोटात कालवाकालव होते असा हा माणूस, आणि ज्याच्यावर जीव आहे तोच गुन्हेगार निघतो. 'स्कार्लेट स्ट्रीट'मध्ये ते रविवारी चित्रे काढणारे गरीब रोखपाल झाले. १९४८ च्या 'की लार्गो'त पुन्हा गुंड, १९४९ च्या 'हाउस ऑफ स्ट्रेंजर्स'साठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान.

आणि नेमके इथेच आभाळ फिरले.

युद्ध संपताच अमेरिकेचा शत्रू बदलला. कालचा मित्र रशिया आता वैरी झाला आणि देशात कम्युनिस्टांचा शोध सुरू झाला. अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदेच्या समितीने हॉलिवूडकडे मोर्चा वळवला. समितीला उत्तरे द्यायचे नाकारणारे दहा जण तुरुंगात गेले. शेकडो जणांचे काम गेले. १९५० मध्ये 'रेड चॅनल्स' नावाची एक पुस्तिका निघाली. तिच्यात संशयितांची १५१ नावे होती आणि त्यात रॉबिन्सनही होते.

त्यांचा गुन्हा काय? देणग्या. १९३९ ते १९४९ या दहा वर्षांत त्यांनी सुमारे ८५० संस्थांना अडीच लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली होती. निर्वासितांसाठी, फॅसिझमविरोधी कामासाठी, दवाखान्यांसाठी, सैनिकांसाठी. त्यातल्या काही संस्थांमध्ये कम्युनिस्ट होते. तुरुंगात गेलेल्या दहा जणांपैकी लेखक डाल्टन ट्रंबो यांच्या कुटुंबालाही त्यांनी पैसे दिले होते. हिटलरविरोधात जे लवकर उभे राहिले, त्यांचा तो लवकरपणाच आता संशयाचा ठरला.

१९५० मध्ये रॉबिन्सन स्वतःहून दोनदा समितीसमोर गेले. देणग्यांच्या याद्या नेल्या, युद्धकाळातल्या कामाचे पुरावे नेले, आपण कधीही पक्षाचे सभासद नव्हतो असे शपथेवर सांगितले. तरी काम मिळेना. जूनमध्ये शाळेत प्रवेश सुरू झाले की मला हे हमखास आठवते. आम्ही एक कागद मागतो आणि काही पालक पिशवी उघडून रेशन कार्ड, वीजबिल, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असे सगळे टेबलावर मांडतात. इतके लागत नाही असे सांगितले तरी पिशवीत परत ठेवायला त्यांचा हात धजत नाही.

एप्रिल १९५२ मध्ये रॉबिन्सन तिसऱ्यांदा गेले. या वेळी समितीला जे हवे होते ते त्यांनी दिले. आपण फसवले गेलो, कम्युनिस्टांनी आपला वापर केला, असे सांगितले. काही नावेही घेतली. त्यात ट्रंबो होते. ती नावे समितीला आधीपासून ठाऊक होती, त्यामुळे नव्याने कुणी अडकले नाही, असे त्यांच्या बाजूने म्हणता येते. पण समितीला माहिती नकोच होती. तिला माणूस झुकलेला पाहायचा होता. त्याच वर्षी माजी सैनिकांच्या एका मासिकात, कम्युनिस्टांनी मला कसे मूर्ख बनवले, अशा अर्थाचा लेख त्यांच्या नावाने छापून आला. समितीने काय निष्कर्ष काढला? हा माणूस कम्युनिस्ट असल्याचा पुरावा कधीच नव्हता, फक्त तो भोळा निघाला.

मी त्यांना निर्दोष ठरवत नाही. ज्यांनी नावे घेतली नाहीत आणि तुरुंग पत्करला, त्यांच्यासमोर रॉबिन्सन लहान दिसतात, आणि हे त्यांनाही कळत असावे. पण त्यांना दगड मारायलाही माझा हात उठत नाही. दहाव्या वर्षी ज्या देशाने आसरा दिला, तोच देश साठीच्या उंबरठ्यावर विचारतो आहे की तू आमचा आहेस का, आणि प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरात रस नाही. अशा वेळी माणूस काय करेल, हे आरामखुर्चीत बसून सांगणे सोपे असते.

पुढची काही वर्षे दुय्यम चित्रपटांत गेली. १९५६ मध्ये घटस्फोट झाला आणि वाटणीसाठी आयुष्यभर जमवलेली चित्रे विकावी लागली. सेझानसारख्यांची ती चित्रे ग्रीक जहाजमालक स्टाव्ह्रोस नियार्कोस यांनी घेतली. मोठ्या चित्रपटात परत बोलावले ते सेसिल डिमिल यांनी. डिमिल स्वतः कट्टर कम्युनिस्टविरोधी. त्यामुळे त्यांनी दाथानची भूमिका दिल्यावर बाकीच्यांचीही भीड चेपली. डिमिल यांनी आपला आत्मसन्मान परत दिला, अशी कृतज्ञता रॉबिन्सन यांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे. थोडक्यात, पुराव्यांच्या गठ्ठ्याने जे झाले नाही, ते एका वजनदार माणसाच्या शिफारशीने झाले.

त्यांचा शेवटचा चित्रपट 'सॉयलेंट ग्रीन'. उपासमारीच्या भविष्यकाळातला एक म्हातारा, जुने जग आठवत शांतपणे मरण पत्करतो. रॉबिन्सन यांना कर्करोग होता. समोर होते चार्लटन हेस्टन, 'टेन कमांडमेंट्स'मधले मूसा. त्या प्रसंगात हेस्टन यांच्या डोळ्यांत आलेले पाणी खरे होते, असे म्हणतात. २६ जानेवारी १९७३ रोजी रॉबिन्सन गेले. शंभराच्या आसपास चित्रपट करूनही ऑस्करसाठी त्यांचे नामांकन एकदाही झाले नव्हते. मानद ऑस्कर जाहीर झाले होते, पण मार्चमधल्या समारंभात ते घ्यायला त्यांच्या पत्नीला जावे लागले.

वफादारी ही जगून दाखवायची गोष्ट आहे, आणि रॉबिन्सन यांनी ती लंडनच्या रेडिओवर, नॉर्मंडीच्या छावणीत, साडेआठशे संस्थांच्या पावत्यांत दाखवली होती. मागणाऱ्याला त्यातले काहीच पुरले नाही. आपल्या मुलांना मी हेच सांगेन की कागद जपून ठेवा, ते लागतात. पण आपण कोण आहोत, हे समजून घ्यायला मात्र त्या पिशवीत हात घालू नका.