जाहिरातीचें ऋण

जाहिरात म्हटली कीं आपल्या सुशिक्षित समाजांत अद्यापिहि नाक मुरडलें जातें. स्वतःच्या मालाची थोरवी स्वतःच गाणें हें भाटाचें काम, प्रतिष्ठित गृहस्थाचें नव्हे, असा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. उलटपक्षीं, मोठ्या अक्षरांत ओरडलें म्हणजे मातीहि सोन्याच्या भावानें खपते, असें मानणारे व्यापारीहि थोडे नाहींत. हे दोन्ही पक्ष आमच्या मतें एकाच भ्रमांत आहेत. जाहिरात ही निव्वळ बतावणी होय, असें दोघेहि धरून चालतात. ती एक हातचिठ्ठी आहे, हें दोघांच्याहि लक्षांत येत नाहीं. जो जाहिरात देतो तो लोकांकडून विश्वास उसना घेतो, आणि तो आज ना उद्यां व्याजासह फेडावा लागतो. या विधानाचा पडताळा पाहण्यास कॅडबरी या चॉकलेटच्या पेढीच्या दोनशें वर्षांच्या इतिहासाइतकें बोलकें उदाहरण आम्हांस दुसरें दिसत नाहीं.

इ. स. १८२४ मध्यें जॉन कॅडबरी या तरुणानें बर्मिंगहॅम शहरांतील बुल स्ट्रीटवर चहा, कॉफी व कोको यांचें दुकान घातलें. तो क्वेकर पंथाचा होता. साधी राहणी व सत्य वचन यांविषयीं हा ख्रिस्ती पंथ फार कडवा. लोकांनीं मद्याऐवजीं कोकोसारखीं पेयें घ्यावीं ही जॉनची तळमळ होती, आणि पहिल्याच वर्षीं स्थानिक वृत्तपत्रांत त्यानें जी जाहिरात दिली तींत कोको हें न्याहारीचें पौष्टिक पेय म्हणून पुढें केलें होतें. परंतु त्या काळचा कोको होता तरी कसला? कोकोच्या बियांत स्निग्धांश फार. तो लपावा म्हणून बटाट्याचें पीठ, साबुदाणा, काकवी असले पदार्थ त्यांत घालीत, आणि कित्येक लबाड व्यापारी तर रंग खुलविण्यासाठीं तांबडी मातीहि मिसळीत. कॅडबरींचा मालहि पिठाच्या मिश्रणापासून मुक्त नव्हता. १८६१ मध्यें जॉनचे पुत्र रिचर्ड व जॉर्ज यांनीं कारभार हातीं घेतला, तेव्हां पेढी डबघाईस आली होती.

या बंधूंनीं प्रथम जाहिरात सुधारली नाहीं. प्रथम माल सुधारला. हॉलंडमधील व्हान हाउटेन यांच्या पद्धतीचें यंत्र आणून त्यांनीं बियांतील बराचसा स्निग्धांश दाबून काढला व १८६६ मध्यें ‘कोको एसेन्स’ बाजारांत आणला. त्यांत पीठ घालण्याचें कारणच उरलें नाहीं. मग वैद्यांकडे नमुने पाठवून त्यांचे अभिप्राय मिळविले, आणि ‘अगदीं शुद्ध, म्हणूनच उत्तम’ अशा अर्थाचें ब्रीद सर्वत्र झळकविलें. अन्नांतील भेसळीविरुद्ध त्या वेळीं इंग्लंडांत रान उठलें होतें. १८७२ व १८७५ मध्यें तद्विषयक कायदेहि झाले. लोकांच्या मनांत जी भीति होती तिलाच या ब्रीदानें उत्तर दिलें. पहिला धडा हा, कीं शब्द मालाच्या मागून यावा, पुढें धांवूं नये.

परंतु ‘शुद्ध’ हा शब्द मोठा विलक्षण. तो डब्यापुरताच राहत नाहीं. १९०१ मध्यें रिचर्डचे पुत्र विल्यम यांच्या कानीं आलें कीं, आफ्रिकेच्या पश्चिमेकडील साओ तोमे या पोर्तुगीज बेटावर जे मजूर कोको पिकवितात ते नांवाला कराराचे, पण वस्तुतः गुलाम आहेत. पेढीचा बराचसा कोको तेथूनच येई. विल्यम यांनीं चौकशी आरंभिली, माणूस पाठविला, पोर्तुगीज व ब्रिटिश सरकारांशीं बोलणीं केलीं. पण तेथील कोकोची खरेदी थांबविण्यास १९०९ साल उजाडलें. दरम्यान, १९०८ मध्यें लंडनच्या ‘स्टँडर्ड’ पत्रानें या पेढीवर ढोंगीपणाचा आरोप केला. कॅडबरींनीं बदनामीचा दावा लावला. निकाल त्यांच्या बाजूनें लागला, परंतु भरपाई ठरली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चवथा हिस्सा! दावा जिंकला, पण पंचांनीं अब्रूची किंमत ती केली. सामान्य व्यापाऱ्यास जो विलंब कदाचित् खपून गेला असता, तो शुद्धतेचें निशाण मिरविणारास खपला नाहीं. ब्रीद जितकें उंच, तितका हिशेब कडक, हा दुसरा धडा.

पुढील काळ पेढीच्या वैभवाचा. १९०५ मध्यें ‘डेअरी मिल्क’ निघालें आणि १९२८ पासून दर अर्ध्या पौंडांत दीड पेला दूध असल्याचें वचन जाहिरातींतून देण्यांत आलें. ‘उत्कृष्ट’, ‘अद्वितीय’ अशीं विशेषणें कोणीहि वापरतो. पेल्यांचें माप सांगणारा मात्र स्वतःस बांधून घेतो. म्हणूनच तें वचन लोकांच्या स्मरणांत राहिलें.

हिंदुस्थानांत या कंपनीची स्थापना १९४८ मध्यें मुंबईस झाली. चॉकलेट म्हणजे मुलांचा खाऊ ही समजूत येथें दृढ होती. १९९४ च्या सुमारास पीयूष पांडे व त्यांचे सहकारी यांनीं केलेल्या चित्रजाहिरातींत षट्‌कार पाहून एक तरुणी पहारेकऱ्यास चुकवून थेट क्रिकेटच्या मैदानावर नाचूं लागली, आणि त्या समजुतीचा पाया हादरला. मालाचे गुण न सांगतां मोठ्यांच्या मनांतील मूल जागें करण्याची ती युक्ति होती. २०२१ मध्यें तीच कल्पना उलटवून, मैदानांत खेळाडू स्त्री व नाचणारा तरुण असें चित्र दाखविलें गेलें. सत्तावीस वर्षांत समाज किती बदलला याचें तें एक मापच होय.

तथापि खरी परीक्षा २००३ च्या ऑक्टोबरांत झाली. मुंबईंत कांहीं वड्यांत अळ्या सांपडल्या व महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें कारवाई केली. दुकानदार माल नीट ठेवीत नाहींत, हा कंपनीचा पहिला खुलासा लोकांस पटला नाहीं. विक्री घसरली, जाहिराती कांहीं काळ थांबल्या. २००४ च्या आरंभीं नवें, अधिक घट्ट वेष्टन आलें, आणि त्यानंतरच अमिताभ बच्चन जनतेस विश्वास देण्यास पुढें आले. वेष्टन न बदलतां केवळ नट आणला असता तर, आम्हांस वाटतें, त्या नटाचीहि पत गेली असती. पुढें ‘कुछ मीठा हो जाए’ म्हणून सणासमारंभांत व २०१० मध्यें शुभकार्यारंभीं तोंड गोड करण्याच्या आपल्या जुन्या रीतींत चॉकलेटनें जागा मिळविली, ती या फेडलेल्या ऋणाच्या जोरावर.

हें ऋण मात्र एकदां फेडून संपत नाहीं. पश्चिम आफ्रिकेंतील कोकोच्या मळ्यांत लहान मुलें राबतात, हा प्रश्न आजहि सर्वच चॉकलेटवाल्यांपुढें उभा आहे. १९०९ मधील पंचांचा सवाल तोच होता. आपल्या मुलांच्या हातीं गोड वडी देतांना तो सवाल विचारण्याचा अधिकार आपणांसहि आहे. जाहिरात हें दिलेलें वचन असेल, तर तें वसूल करणें हें ग्राहकाचें काम होय. धनकोच झोपी गेला तर ऋणको कशास जागा राहील?