एका काळ्या चिठ्ठीची साक्ष

अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत कॅलामझू नांवाचें एक गांव आहे. तेथील गिब्सन कंपनीच्या कारखान्यांत १९५७ ते १९६२ च्या सुमारास तयार झालेली एखादी इलेक्ट्रिक गिटार घेऊन, तिच्या तारांखालीं बसविलेला आगपेटीहून कांहींसा लांब असा धातूचा डबा काढून उलटा केला, तर त्याच्या पाठीवर बहुधा एक इवलीशी काळी चिठ्ठी आढळते. तिच्यावर सोनेरी अक्षरांत ‘पेटंट अप्लाइड फॉर’, म्हणजे पेटंटसाठीं अर्ज केलेला आहे, एवढेंच छापलेलें असतें. या चिठ्ठीच्या डब्यासाठीं शोकी लोक आज हजारों डॉलर मोजतात, आणि जेथें किंमत आली तेथें लबाडीही आलीच. हुबेहूब खोट्या चिठ्ठ्या छापून नव्या डब्यांना चिकटविल्या जातात. इनाम कमिशनपुढें आलेल्या बनावट सनदांच्या कथा ज्यानें वाचल्या आहेत त्याला यांत नवल वाटूं नये. प्रस्तुत लेखकास गिटार वाजवितां येत नाहीं. परंतु कागदाच्या साक्षीवर किती विसंबावें हा प्रश्न त्याच्या रोजच्या धंद्यांतला आहे, आणि म्हणूनच या चिठ्ठीनें त्याचें मन वेधून घेतलें.

हा डबा म्हणजे ‘पिकप’. गिटारची पोलादी तार चुंबकाजवळ कंप पावली कीं चुंबकाभोंवतीं गुंडाळलेल्या तांब्याच्या वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक त्यास मोठा करतो. मात्र हें वेटोळें केवळ आपल्याच वाद्याचें ऐकतें असें नाहीं. आसपासच्या दिव्यांचें व यंत्रांचें विजेचें गुंजनही तें तितक्याच आवडीनें टिपतें. ध्वनिवर्धकांच्या विभागांत काम करणाऱ्या सेथ लव्हर नांवाच्या अभियंत्यानें १९५५ सालीं यावर तोड काढली. त्यानें एकाऐवजीं दोन वेटोळीं शेजारीं शेजारीं ठेवलीं. त्यांचे चुंबकध्रुव उलट ठेवले आणि तारांची जोडणीही उलट केली. बाहेरचें गुंजन दोहोंत विरुद्ध होऊन परस्परांस मारतें. तारेचा स्वर मात्र दोनदां उलटल्यामुळें सुलटा होऊन दुणावतो. गुंजनाला तोंड देणारा म्हणून यास ‘हंबकर’ हें नांव पडलें. ग्रेच कंपनीसाठीं रे बट्स यानें जवळजवळ त्याच सुमारास स्वतंत्रपणें हीच युक्ति शोधली होती. लव्हरच्या मूळ नमुन्यांत फिरवावयाचे स्क्रू नव्हते. विक्रीखात्यास गिऱ्हाइकापुढें बोलावयास कांहींतरी हवें होतें, म्हणून ते मागाहून घातले गेले!

आतां चिठ्ठीकडे वळूं. लव्हरचा अर्ज २२ जून १९५५ चा. पेटंट मिळालें २८ जुलै १९५९ रोजीं. म्हणजे त्या दिवसापासून चिठ्ठीवरील मजकूर खोटा ठरला. तरी ती पुढें दोनतीन वर्षें निमूटपणें चिकटविली जात होती. नंतर क्रमांक असलेली नवी चिठ्ठी आली, आणि तिनें तर कहरच केला. लव्हरच्या पेटंटाचा क्रमांक २८,९६,४९१ हा आहे. चिठ्ठीवर छापला गेला तो २७,३७,८४२. हा दुसरा क्रमांक लेस पॉल या प्रसिद्ध वादकास तारा अडकविण्याच्या एका पट्टीबद्दल मिळालेल्या पेटंटाचा आहे! प्रतिस्पर्ध्यांस चकविण्यासाठीं हें मुद्दाम केलें असें कित्येक म्हणतात. कसेंही असो, या दोन्ही चिठ्ठ्यांवर भरंवसा ठेवून कालनिर्णय करणारा फसावयाचाच.

मग डबा उघडून पाहणें आलें, आणि आंत पाहिल्यावर जुन्या काळाच्या कीर्तीचें खरें मर्म उघडें पडतें. प्रत्येक वेटोळ्यास केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे सुमारें पांच हजार फेरे असावेत असा संकेत होता. पण आरंभींच्या यंत्रांस फेरे मोजून आपोआप थांबण्याची सोय नव्हती. रीळ भरलें असें डोळ्यांस वाटलें कीं कामगार थांबत. त्यामुळें डब्याचा विद्युत्‌रोध कोठें सात किलोओहम, कोठें नऊ. फेरे थोडे असले तर स्वर स्वच्छ व तीक्ष्ण. अधिक असले तर जाड आणि जोरकस. कित्येकदां एकाच डब्यांतील दोन वेटोळींही सारखीं नसत. तेव्हां गुंजन पुरतें मरत नसे, परंतु स्वराला एक प्रकारची धार येई. चुंबक अल्निको या मिश्रधातूचे. त्यांच्या निरनिराळ्या प्रतींपैकीं बाजारांत जी मिळे ती घातली जाई. एकदां काळ्या प्लॅस्टिकचा तुटवडा पडला म्हणून मलईच्या रंगाचीं रिळें वापरलीं गेलीं. आवाजाशीं त्या रंगाचा कांहींएक संबंध नाहीं. तरी आज त्याच रिळांना सर्वांत अधिक भाव येतो!

१९६१ च्या सुमारास पांचव्या प्रतीचा आंखूड चुंबक कायम झाला. त्या दशकाच्या मध्यास तारेवरील जुन्या जांभळट वार्निशाची जागा नव्या आवरणानें घेतली, यंत्रें सुधारलीं, रिळांच्या माथ्यावर इंग्रजी ‘टी’ अक्षर उमटूं लागलें, आणि सगळे डबे साडेसात किलोओहमांच्या आसपास येऊन ठेपले. या ‘टी’वाल्यांस पुष्कळ लोक नाकें मुरडतात, आणि १९६९ च्या अखेरीस कंपनीची मालकी बदलली तिच्यावर सारें खापर फोडतात. कालक्रम पाहतां हा आरोप टिकत नाहीं. एकसारखेपणा नव्या धन्याच्या कांहीं वर्षें आधींच आला होता. शिवाय ‘टी’चा डबा वाईट असतो हेंही मला पटत नाहीं. जुन्यांत कांहीं अप्रतिम होते, कांहीं अगदींच सामान्य. नव्यांत बहुतेक सगळे चांगले. सामान्य होते ते काळाच्या ओघांत विसरले गेले, आणि उरलेल्यांवरून आपण त्या सबंध कालखंडाची परीक्षा करतों.

हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे कीं त्या वेळीं या वाद्यांस फारसें कोणी विचारीत नव्हतें. १९५८ ते १९६० या वर्षांत ‘सनबर्स्ट’ रंगाच्या लेस पॉल गिटारी दोन हजारांहूनही कमी निघाल्या, आणि पुढें कंपनीनें तो घाटच बंद केला. १९६६ सालीं इंग्लंडांत एरिक क्लॅप्टननें जॉन मेऑलच्या मंडळींसमवेत केलेली तबकडी बाहेर पडली, तेव्हां कोठें तरुणांचे कान टवकारले; १९६८ सालीं कंपनीस तो घाट पुन्हां काढावा लागला. १९८० च्या सुमारास टिम शॉ या कारागिराकडे जुन्या पिकपची नक्कल करण्याचें काम आलें. त्यास जुन्या वार्निशाची तार हवी होती. ती महाग पडते म्हणून कंपनीनें दिली नाहीं.

लव्हर स्वतः १९६७ सालीं फेंडर या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेला आणि तेथें त्यानें निराळ्याच चुंबकांचा नवा हंबकर रचला. वृद्धापकाळीं सीमोर डंकन या पिकपनिर्मात्यानें त्याला बोलावून त्याच्या मूळ कृतीवरून पुन्हां डबे बनविले. चाहते त्याला चुंबकांचें गुपित विचारीत, तेव्हां तो सांगे कीं पांचव्या प्रतीचे नेहमीं मिळत नसत, जे मिळत ते आम्ही घेत असूं. चुंबक सगळेच चांगले होते.