संगणक आणि कॅनव्हासवरील चित्रकला

कॅनव्हासवरील पारंपरिक रंगकामाला संगणकाची जोड देण्याचे प्रयोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. आयव्हन सदरलंड यांच्या ‘स्केचपॅड’ (१९६३) या प्रणालीमुळे पडद्यावर प्रकाशलेखणीने थेट रेखाटन करणे शक्य झाले. पुढे रिचर्ड शूप यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात ‘सुपरपेंट’ (१९७३) सिद्ध केले आणि पडद्यावर रंगकामही करता येऊ लागले. ही साधने अभियंत्यांनी घडविली. चित्रनिर्मितीत त्यांचे स्थान कोणते, हा प्रश्न मात्र चित्रकारांनाच सोडवावा लागला.

लंडनमध्ये जन्मलेले हॅरल्ड कोहेन (१९२८–२०१६) हे मूळचे चित्रकार. व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात (१९६६) त्यांनी ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले होते. १९६८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत गेल्यावर ते संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकले. त्यांनी रचलेली ‘आरन’ ही आज्ञावली ठरवून दिलेल्या नियमांनुसार आपली आपण रेखाटने करी. रंगाचे ज्ञान तिला प्रारंभी नव्हते. त्यामुळे तिची रेखाटने कोहेन स्वतः हाताने रंगवीत. पुढे त्यांनी तिला रंगयोजनेचे नियम शिकविले व रंग भरणारे यंत्रही तयार केले. ते १९९५ मध्ये बॉस्टनच्या संगणक-संग्रहालयात प्रदर्शित झाले. तथापि अखेरच्या वर्षांत स्पर्शपटलावर बोटाने रंग भरण्याचे काम कोहेन यांनी पुन्हा स्वतःकडे घेतले.

डेव्हिड हॉकनी (जन्म १९३७) यांनी संगणकाचा उपयोग निराळ्या हेतूने केला. ‘बिगर ट्रीज निअर वॉर्टर’ (२००७) हे त्यांचे ५० कॅनव्हासांचे तैलचित्र सुमारे ४·५ मी. उंच व १२ मी. रुंद आहे. यॉर्कशरमध्ये उघड्यावर रंगविताना संपूर्ण चित्र एकत्र मांडून दूरून पाहणे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक भागाची छायाचित्रे संगणकावर जुळवून समग्र रचना पारखण्यात आली. रंगलेपन मात्र सर्वस्वी हाताचे होते. लंडनच्या रॉयल अकॅडमीतील प्रदर्शनात (२०१२) त्यांची आयपॅडवर काढलेली व मोठ्या आकारात छापलेली निसर्गचित्रे ३२ कॅनव्हासांच्या तैलचित्राशेजारी मांडण्यात आली.

पडद्यावरील फटकारा क्षणात पुसता येतो व त्याचा मागमूस उरत नाही. तैलरंगात खालचा थर, त्यातील दुरुस्ती व संकोचही, चित्राचाच भाग होऊन राहतात. कोहेन यांनी यंत्राकडे रेषा सोपविली, तर हॉकनी यांनी त्याच्याकडून दूरस्थ दृष्टी घेतली. रंगाचा अखेरचा निर्णय मात्र दोघांनीही स्वतःच्या हाती ठेवला.