पिठ्या ढेकणाचा ऑस्ट्रेलियन वैरी

ऑस्ट्रेलियातले प्राणी हा जगभर गप्पा रंगवणारा विषय आहे. पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारी कांगारू मादी, अंडी घालूनही पिल्लांना दूध पाजणारा प्लॅटिपस, वसंत ऋतूत घरट्याजवळून जाणाऱ्या सायकलस्वारांच्या डोक्यावर झडप घालणारा मॅगपाय, परसातल्या संडासात दबा धरून बसणारा लाल पाठीचा विषारी कोळी... यादी संपत नाही आणि ऐकणारा कंटाळत नाही. या यादीत ज्याचे नाव कधीच येत नाही, असा एक ऑस्ट्रेलियन जीव आपल्या फळबागांच्या कामाचा आहे. संभाजीनगरहून जालन्याकडे निघाल्यावर शेंद्र्याची औद्योगिक वसाहत ओलांडली की करमाड लागते. तिथून पुढे बदनापूर, जालन्यापर्यंतचा हा पट्टा कपाशीचा आणि मोसंबीचा. सीताफळ, डाळिंब, द्राक्षाच्या बागाही या भागात आहेत. या पिकांना छळणाऱ्या पिठ्या ढेकणावर कृषी विद्यापीठे जो ढालकिडा सोडायला सांगतात, तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. शास्त्रीय नाव क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझिएरी, लांबी जेमतेम चार मिलिमीटर. पंख काळपट, डोके आणि पाठीचे टोक नारिंगी. त्याची कुळकथा नीट वाचली, तर परक्या जिवाची पारख त्याच्या गावावरून करण्यापेक्षा त्याच्या ताटावरून करावी, हे पटते.

आधी त्याच्या भक्ष्याविषयी. पिठ्या ढेकूण ही एकच कीड नसून रस शोषणाऱ्या अनेक जातींचे कुटुंब आहे. द्राक्ष आणि सीताफळावर येणारा गुलाबी पिठ्या ढेकूण वेगळा, लिंबूवर्गीय झाडांवरचा वेगळा, कपाशीवरचा आणखी वेगळा. अंगावर पांढऱ्या मेणाचा थर, मादी जवळजवळ एका जागी चिकटलेली, अंडी मेणाच्या पिशवीत. ही कीड सालीच्या भेगांत, देठाच्या बेचक्यात, सीताफळाच्या डोळ्यांमधल्या खाचांत बसते. मेणामुळे औषध अंगाला लागत नाही आणि खाचेमुळे ते तिथपर्यंत पोचतच नाही. ती जो गोड, चिकट स्राव टाकते त्यावर काळी बुरशी वाढते आणि फळ चवीला उत्तम असूनही बाजारात पडून राहते. फवारणीने हात टेकावेत असा हा शत्रू आहे. त्याला मारायचे तर भेगेत शिरून शोधणारा कुणीतरी हवा, आणि या किड्याच्या कथेचे सारे वळण इथूनच सुरू होते.

या ढालकिड्याला शास्त्रीय नाव दिले फ्रेंच कीटकतज्ज्ञ म्युल्साँ यांनी, 1853 मध्ये. नावातले मॉन्ट्रोझिए हे न्यू कॅलेडोनियातले धर्मप्रसारक आणि निसर्गअभ्यासक. पण त्याला शेतीच्या इतिहासात आणले ते कॅलिफोर्नियाच्या संत्र्यांनी. तिथल्या बागा 1880 च्या दशकात ऑस्ट्रेलियातून गेलेल्या एका खवले किडीने बुडायला आल्या होत्या. अल्बर्ट कोबेले या कीटकतज्ज्ञाला 1888 मध्ये त्या किडीच्या मूळ देशी धाडण्यात आले. त्याने पाठवलेल्या पहिल्या तीन पार्सलांत वेडालिया जातीचे मिळून अवघे 129 ढालकिडे होते. त्यांच्या वंशाने दीड-दोन वर्षांत बागा सावरल्या. या यशावर कोबेले 1891 मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेला आणि त्या खेपेला त्याने क्रिप्टोलिमस आणला. पिठ्या ढेकणावर तो तुटून पडला, पण कॅलिफोर्नियातला हिवाळा त्याला सोसेना. तेव्हा शेतकऱ्यांनी पुढे त्याच्यासाठी पैदासशाळा काढल्या. अंधाऱ्या खोल्यांत बटाट्यांना कोंब आणायचे, कोंबांवर पिठ्या ढेकूण वाढवायचा, त्यावर ढालकिडे पोसायचे आणि दर हंगामात बागेत सोडायचे. वेडालिया एकदा सोडला की कायमचा वसतो, क्रिप्टोलिमस मात्र पुन्हापुन्हा सोडावा लागतो. मराठवाड्यासाठी हा फरक मोलाचा आहे.

भारतात तो आला 1898 मध्ये, आणि आला तो चुकीच्या कामासाठी. दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यांत हिरव्या खवले किडीने धुमाकूळ घातला होता. तिच्यावर उपाय म्हणून तो सोडला गेला. त्या किडीचे त्याने फारसे काही बिघडवले नाही, म्हणून प्रयोग फसला अशी नोंद झाली. किडा मात्र मेला नाही. दक्षिणेच्या डोंगराळ भागात त्याला पिठ्या ढेकूण सापडला आणि कुणाच्या मदतीवाचून तो सुमारे पाऊण शतक तिथे टिकून राहिला. 1970 च्या दशकात कॉफी संशोधकांचे लक्ष पुन्हा त्याच्याकडे गेले आणि नंतर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने त्याला द्राक्ष, पेरू, लिंबूवर्गीय फळे, सीताफळ अशा पिकांवर तपासले. मला या साऱ्या कथेतला हा भाग सर्वांत बोलका वाटतो. 1898 चा प्रयोग किड्याच्या दोषाने फसला नव्हता. माणसांनी त्याच्यापुढे वाढलेले अन्न त्याचे नव्हते. संस्थेच्या या तपासणीच्या सुमारास बटाट्याच्या कोंबांऐवजी लाल भोपळ्याची युक्तीही निघाली. देठासकट जून भोपळा महिना-दोन महिने टिकतो, त्याच्या खोबणींत पिठ्या ढेकूण भरभर वाढतो आणि आपल्याकडे तो गावोगाव मिळतो. कॅलिफोर्नियातल्या महागड्या पैदासशाळेचे काम इथे एका पेटीत ठेवलेला भोपळा करू लागला. शिफारस साधारण झाडामागे दहा भुंगेरे अशी असते. ते आपली अंडी थेट ढेकणाच्या अंड्यांच्या पिशवीत घालतात, म्हणजे बाहेर पडणाऱ्या अळीला अन्न शोधायलाही जावे लागत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. बाहेरचा जीव आणून सोडणे म्हणजे विस्तवाशी खेळ, आणि त्याचा पुरावा ऑस्ट्रेलियाच देतो. उसावरचे भुंगेरे खावेत म्हणून 1935 मध्ये क्वीन्सलँडमध्ये हवाई बेटांवरून सुमारे शंभर मोठे विषारी भेक आणले गेले. त्यांनी उसाचे भुंगेरे सोडून बाकी सगळे खाल्ले, आणि त्यांना खायला गेलेले तिथले क्वोलसारखे प्राणी विषाने मेले. हा आक्षेप खरा आहे, पण त्याने परकेपण दोषी ठरत नाही. तोंडात मावेल ते गिळणारा प्राणी त्याचे ताट न तपासता सोडला, हा दोष. याच ऑस्ट्रेलियाने भारताकडून नेलेला एक किडा उलट साक्ष देतो. 1912 ते 1914 या काळात जॉन्स्टन आणि ट्रायन हे दोन शास्त्रज्ञ फड्या निवडुंगावर उपाय शोधत देशोदेशी हिंडले. भारतात आणि श्रीलंकेत त्यांना निवडुंगावर जगणारा कोचिनील किडा सापडला. तो 1795 मध्ये रंगाच्या व्यापारासाठी ब्राझीलमधून भारतात आणला गेला होता. त्याने क्वीन्सलँडमधली निवडुंगाची एक जात संपवली. पुढे 1926 मध्ये निवडुंगावरचीच दुसरी कोचिनील जात ऑस्ट्रेलियाहून श्रीलंकेमार्गे भारतात आली आणि दक्षिणेतली निवडुंगाची रानेच्या राने मोकळी झाली. या दोन्ही किड्यांनी निवडुंगाखेरीज काही खाल्ले नाही.

क्रिप्टोलिमसचे ताट मात्र इतके अरुंद नाही, हे मान्य करायलाच हवे. दक्षिण आफ्रिकेत तो निवडुंगावरचे कोचिनील किडे खाऊ लागला आणि त्यामुळे तिथला निवडुंगाचा बंदोबस्त ढिला पडला. एका परक्या मित्राने दुसऱ्या परक्या मित्राला खाल्ले. पण या नोंदीतही त्याने कोणतेही पीक, मधमाशी किंवा फुलपाखरू यांना धक्का लावलेला नाही. मेणाने झाकलेले, झाडाला चिकटून बसणारे रसशोषक किडे एवढाच त्याचा आहार. भारतात शतकाहून अधिक काळ राहून त्याने ही मर्यादा ओलांडली नाही, आणि इतका लांब पुरावा क्वचितच एखाद्या आणलेल्या किड्याविषयी हाती असतो. फळबागेतल्या पाहुण्यांची तक्रार करायची तर ती या किड्यापाशी थांबणारही नाही. सीताफळ अमेरिकेतून आले, आणि संभाजीनगर जिल्ह्यातल्या दौलताबादची द्राक्षे इब्न बतूताने चौदाव्या शतकात वाखाणली, तीही इथली मूळची नव्हेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आपल्याकडे पिठ्या ढेकणाचे शत्रू नाहीत काय? आहेत. स्पॅल्गिस नावाच्या देशी फुलपाखराची अळी पाने सोडून पिठ्या ढेकूणच खाते. जाळीदार पंखांची क्रायसोपा आहे, लहान देशी ढालकिडे आहेत. 2005 नंतर कपाशीवर परका पिठ्या ढेकूण पसरला तेव्हा एनॅसियस ही इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी शेतांत आपोआप आढळू लागली आणि तिने त्याला मोठ्या प्रमाणात आवरले. उलट 2008 मध्ये कोइंबतूरकडे दिसलेल्या पपईच्या पिठ्या ढेकणाला इथला कुणी पुरा पडला नाही. त्यासाठी 2010 मध्ये पोर्तो रिकोहून परोपजीवी कीटक आणावे लागले, आणि तो उपाय झपाट्याने लागू पडला. या दोन घटना शेजारी ठेवल्या की देशी विरुद्ध परका हा वाद गैरलागू ठरतो. क्रिप्टोलिमसची गरज तिथे आहे, जिथे ढेकूण एकदम वाढतो, अनेक जातींचा असतो आणि इथल्या शत्रूंना गाठता येत नाही. हंगामातले सीताफळ आणि मणी भरलेले द्राक्ष ही अशी ठिकाणे आहेत.

उरतो तो बागायतदाराचा आक्षेप, की भुंगेरे सोडले आणि आठवड्यात दिसेनासे झाले. याची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. तेहतीस अंशांच्या वर हा किडा सुस्तावतो, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात त्याला मराठवाड्यात सोडणे म्हणजे पैसे उधळणे. पावसाळ्यानंतरचा काळ त्याचा. मुंग्या गोड स्रावासाठी ढेकणाची राखण करतात आणि अळ्यांना हुसकावतात, म्हणून खोडावर चिकट पट्टी बांधून त्यांची वाट आधी तोडावी लागते. सोडण्याच्या आधी-नंतर कडक कीटकनाशक मारले, तर ढेकूण मेणाखाली वाचतो आणि उघड्यावर फिरणारा भुंगेरा मरतो. पण सर्वांत मोठा घात वेगळाच आहे. या ढालकिड्याच्या अळीचे सगळे अंग पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्यांनी झाकलेले असते. ती हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते आणि पूर्ण वाढली की ढेकणाच्या तिप्पट होते. म्हणजे उपाय ऐन रंगात आलेला असताना बागेत कीड वाढल्यासारखी दिसते आणि पंप पाठीवर चढतो. ओळख सोपी आहे. काडीने हलकेच डिवचावे. ढेकूण जागचा फारसा हलत नाही, अळी मात्र झपाझप चालू लागते. ती चालली, तर त्या झाडावर त्या पंधरवड्यात फवारा मारू नये.