नांदेडचें नांव

नंदीनें गोदावरीच्या तटीं तप केलें म्हणून हें नंदितट, असें नांदेडकर श्रद्धेनें सांगतात. कोणी नांवाचा संबंध नऊ नंदांशीं जोडतात. ही उपपत्ति आम्हांस नांवावरून रचलेला इतिहास वाटते. वाशीम येथें सांपडलेल्या, वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याच्या ताम्रपटांत मात्र ‘नांदीकड’ असा स्पष्ट उल्लेख आहे, व तें नांदेडच असें विद्वान् मानतात. प्राकृतांतील हें ‘कड’ पाहतां ‘तट’ हा मागाहून चढविलेला संस्कृत शृंगार असावा, असें आम्हांस वाटतें. तो शोभला मात्र खरा. जैनांच्या काष्ठासंघांतील एका गच्छानेंहि नंदितट हेंच नांव धारण केलें.

जिल्ह्याच्या सीमा तर नांवाहून चंचल. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेंत मुधोळ आदिलाबादेस गेलें आणि तिकडील किनवट इकडे आलें. उत्तरेस पैनगंगा, मधोमध गोदावरी, दक्षिणेस मन्याड व मांजरा. असा हा सुमारें साडेदहा हजार चौरस किलोमीटरांचा मुलूख. २०११ च्या शिरगणतींत येथें ३३,६१,२९२ माणसें भरलीं. देगलूर-धर्माबादेकडे मराठीच्या जोडीस तेलुगूहि कानीं पडते.

शीख भाविकांस हें अबचलनगर. गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ सालीं येथेंच देह ठेविला, व पुढें महाराजा रणजितसिंगानें गुरुद्वारा बांधविला. रेल्वेनें तंटा आपल्यापुरता मिटविला आहे. स्टेशनाच्या पाटीवर ‘हुजूर साहिब नांदेड’ अशीं दोन्हीं नांवें शेजारीं नांदतात.