त्वचेचा लिम्फोमा : निदानातील प्रथिन-चिन्हके

लसीका पेशींचा जो कर्करोग त्वचेतच सुरू होतो, त्याला त्वचेचा लिम्फोमा म्हणतात. आजार ओळखणे, त्याचा जोर मोजणे आणि औषध निवडणे यांसाठी या पेशींवरची, पेशींतली किंवा रक्तद्रवातली जी प्रथिने तपासली जातात, ती त्याची प्रथिन-चिन्हके. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींनुसार सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत हा आजार टी-पेशींचा असतो, उरलेल्यांत बी-पेशींचा. टी-पेशींच्या गटात ‘मायकोसिस फंगॉइडिस’ हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो.

पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातले त्वचारोगतज्ज्ञ झां-लुई आलिबेर यांनी १८०६ मध्ये या प्रकाराचे वर्णन केले. पुढे १८७० मध्ये बाझँ यांनी त्याच्या तीन अवस्था सांगितल्या : सपाट चट्टे, जाड चट्टे आणि गाठी. १९३८ मध्ये आल्बेर सेझारी यांनी अंगभर लालसर झालेली त्वचा, सुजलेल्या लसीका ग्रंथी आणि रक्तात फिरणाऱ्या विचित्र आकाराच्या मोठ्या पेशी अशी लक्षणे एकत्र नोंदवली. तो आजार आज सेझारी सिंड्रोम म्हणून आणि त्या पेशी सेझारी पेशी म्हणून ओळखल्या जातात. या साऱ्या काळात वैद्यांच्या हाती दोनच साधने होती, डोळा आणि सूक्ष्मदर्शक. सुरुवातीच्या चट्ट्यांपुढे दोन्ही अपुरी पडत.

ती अडचण पूर्ण सरलेली नाही. सुरुवातीचा मायकोसिस फंगॉइडिस दिसतो इसबासारखा किंवा सोरायसिससारखा. स्टेरॉइडचे मलम लावले की तो थोडा दबतो, पुन्हा वर येतो. अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून केलेल्या ‘प्रोक्लिपी’ या अभ्यासात लक्षणे दिसल्यापासून पक्के निदान होईपर्यंतचा मध्यक कालावधी ३६ महिने निघाला. इसब समजून डुपिलुमॅबची इंजेक्शने दिल्यानंतर आजार बळावला आणि मग खरे निदान झाले, अशाही रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. प्रथिन-चिन्हकांची गरज सर्वांत जास्त आहे ती याच टप्प्यावर, आणि नेमका हाच टप्पा त्यांना सर्वांत अवघड जातो.

याचे कारण असे, की इथे एखादे नवे प्रथिन दिसण्यापेक्षा नेहमीचे प्रथिन नाहीसे होणे महत्त्वाचे ठरते. निरोगी टी-पेशीवर सीडी २, सीडी ३, सीडी ५ आणि सीडी ७ ही प्रथिने असतात. कर्करोगी पेशी त्यांतली काही गमावते. बहुधा सीडी ७ आधी जाते. बायॉप्सीच्या कापांवर प्रतिपिंडे टाकून रंग उमटवला, की कोणते प्रथिन आहे आणि कोणते नाही ते कळते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनी यासाठी मर्यादा घालून दिल्या : सीडी २, ३ किंवा ५ हे निम्म्याहून कमी टी-पेशींवर किंवा सीडी ७ हे १० टक्क्यांहून कमी टी-पेशींवर असेल, तर ती खूण धरावी. मात्र त्याच निकषांत चट्ट्याचे रूप आणि ठिकाण यांना २ गुण, सूक्ष्मदर्शकाखालच्या रचनेला २, जनुकीय तपासणीला १ आणि प्रथिनांच्या या खुणेला फक्त १ गुण आहे. निदानाला ६ पैकी ४ लागतात. ही वाटणी शहाणपणाची आहे. साध्या दाहातही सीडी ७ घटू शकते, आणि मायकोसिस फंगॉइडिसमध्ये बहुधा दिसणारी सीडी ४ असलेल्या पेशींची गर्दी तर इसबातही असते.

सीडी २६ची गोष्ट अधिक रोचक आहे. मधुमेहाचे रुग्ण सिटाग्लिप्टिनसारख्या ज्या गोळ्या घेतात, त्या याच प्रथिनाच्या विकर-क्रियेला आळा घालतात. तिथे त्याचे नाव डीपीपी-४. टी-पेशींवरचे हे प्रथिन सीएक्ससीएल १२ नावाच्या, पेशींना त्वचेकडे ओढणाऱ्या रसायनाचे तुकडे करते. सेझारी पेशींवर ते बहुधा नसते. त्यामुळे ते आकर्षण तसेच शिल्लक राहते, आणि पेशी त्वचेत का गोळा होतात याचे एक पटण्याजोगे कारण मिळते. म्हणजे सीडी २६चा अभाव ही निदानाची खूण तर आहेच, शिवाय आजाराच्या वागण्याचा धागाही आहे. रक्ततपासणीत फ्लो सायटोमेट्रीने सीडी ४ असलेल्या पण सीडी २६ किंवा सीडी ७ नसलेल्या पेशी मोजतात. एकाच पेशीच्या वंशाचा पुरावा असेल आणि अशा पेशी दर मायक्रोलिटरला १,००० किंवा अधिक असतील, तर रक्तातला आजार मोठा मानला जातो.

काही प्रथिने मात्र अस्तित्वानेच बोलतात. केआयआर ३डीएल २ हे प्रथिन एरवी नैसर्गिक मारक पेशींवर आणि मोजक्या टी-पेशींवर असते. पॅरिसमधल्या संशोधकांना ते सेझारी पेशींवर सापडले. लॅकुटॅमॅब हे प्रतिपिंड त्यालाच लक्ष्य करून बनवले आहे. दुसरे उदाहरण टीआरबीसी १चे. टी-पेशीच्या ग्राहकातील बीटा साखळीत दोन स्थिर भागांपैकी एकच असतो, पहिला किंवा दुसरा. निरोगी माणसात दोन्ही प्रकारच्या पेशींची सरमिसळ असते. संशयित पेशींत एकाच प्रकाराचे राज्य दिसले, तर त्या एकाच पेशीच्या वंशज असण्याचा संशय बळावतो. पूर्वी यासाठी जनुकीय चाचणीची वाट पाहावी लागे; आता एका प्रतिपिंडाने पहिला अंदाज त्वरित मिळतो.

सावळ्या त्वचेत हे सारे वाचन आणखी बदलते. भारतात मायकोसिस फंगॉइडिस अनेकदा लाल चट्ट्यांऐवजी फिकट चट्ट्यांच्या रूपात, आणि तोही तरुणांत किंवा मुलांत दिसतो. महाराष्ट्रात, जिथे कुष्ठरोग शोधण्याच्या मोहिमा आजही घरोघरी जातात, तिथे फिकट चट्टा पाहून पहिला विचार कुष्ठरोगाचा किंवा कोडाचा होणे स्वाभाविक आहे. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्शाची जाणीव बहुधा कमी होते, लिम्फोमाच्या चट्ट्यावर ती सहसा शाबूत असते. बायॉप्सी हा भेद पक्का करते. आणखी एक मेख अशी, की या फिकट प्रकारात बाह्यत्वचेत शिरलेल्या पेशी पुष्कळदा सीडी ४च्या नव्हे तर सीडी ८च्या असतात. गोऱ्या रुग्णांवर बेतलेला पाठ इथे जसाच्या तसा लावला, तर निदान हुकू शकते.

बी-पेशींच्या गटात प्रथिनांचा कौल तुलनेने स्पष्ट असतो. बीसीएल ६ असलेला आणि बीसीएल २ सहसा नसलेला पुटक-केंद्री प्रकार संथ चालतो. बीसीएल २ आणि एमयूएम १ दोन्ही ठळक असलेला, बहुधा वृद्धांच्या पायावर येणारा प्रकार आक्रमक असतो.

रक्तद्रवातली प्रथिने निदानासाठी दुबळी, पण आजाराच्या वाटचालीवर नजर ठेवायला उपयोगी आहेत. इंटरल्यूकिन-२ ग्राहकाचा विरघळलेला अंश आजार वाढला की वाढतो, संसर्गातही वाढतो. टीएआरसी हे प्रथिन लिम्फोमात वाढते, पण जपानमध्ये तेच इसबाची तीव्रता मोजायला वापरतात, म्हणून दोन आजारांतला फरक त्यावरून ठरत नाही. जुनी, स्वस्त एलडीएच चाचणी मात्र टिकून आहे. पुढच्या अवस्थेतल्या १,२७५ रुग्णांच्या २०१५ मधील आंतरराष्ट्रीय अभ्यासात वाढलेले एलडीएच, आजच्या वर्गवारीतली चौथी अवस्था, साठीपुढचे वय आणि त्वचेतल्या पेशींचे मोठ्या पेशींत रूपांतर हे चार घटक वाईट भवितव्याशी जोडलेले आढळले.

चिन्हकाचे औषधाच्या लक्ष्यात रूपांतर होणे हा या विषयातला सर्वांत आशादायक भाग आहे. सीडी ३० या पेशीवरच्या प्रथिनावर बेतलेल्या ब्रेंटुक्सिमॅब वेडोटिनला २०१७ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली. त्यामागच्या चाचणीत किमान चार महिने टिकणारा प्रतिसाद ५६.३ टक्के रुग्णांत दिसला, तर मेथोट्रेक्सेट किंवा बेक्सारोटिन घेणाऱ्यांत १२.५ टक्क्यांत. २०१८ मध्ये सीसीआर ४ या दुसऱ्या प्रथिनाला चिकटणारे मोगामुलिझुमॅब मान्य झाले. ३७२ रुग्णांच्या चाचणीत त्याने आजाराची वाढ मध्यक ७.७ महिने रोखली. तुलनेतल्या व्होरिनोस्टॅटने ३.१ महिने.

उपचार सुरू झाल्यावर चिन्हके पुन्हा वाचावी लागतात. मोगामुलिझुमॅबने उठणारे पुरळ हुबेहूब मूळ आजारासारखे दिसू शकते. त्या बायॉप्सीत सीडी ८ पेशींचे प्राबल्य असेल आणि मूळ वंशाच्या पेशी नसतील, तर ती औषधाची प्रतिक्रिया समजतात आणि उपयोगी पडत असलेले औषध कायमचे बंद करण्याची घाई टळते. काही रुग्णांत औषध चालू असतानाच कर्करोगी पेशी सीसीआर ४ गमावून बसतात आणि औषधाला दाद देईनाशा होतात. सीडी ३०चे प्रमाण तर एकाच रुग्णाच्या दोन चट्ट्यांत वेगळे निघते, आणि ते अगदी कमी असतानाही काहींना ब्रेंटुक्सिमॅबचा गुण येतो. म्हणून औषध निवडताना एकाहून अधिक जागांची बायॉप्सी उपयोगी ठरते, आणि आजार उलटला तर जुन्या अहवालावर विसंबण्यापेक्षा नवा तुकडा घेतलेला बरा.