नाण्यावरची दोन अक्षरे



घाटंजीच्या आठवडी बाजारात तांड्यावरून आलेल्या एखाद्या बंजारा आजीच्या गळ्यात जुन्या रुपयांचा हार तुम्ही पाहिला असेल. त्यात राणीछाप रुपया असला आणि तो 1840 सालचा असला, तर आजीची परवानगी घेऊन जरा निरखून बघा. राणीची मान जिथे संपते, तिथे तिळाएवढी दोन इंग्रजी अक्षरे सापडण्याचा संभव आहे : 'डब्ल्यू डब्ल्यू'. म्हणजे विल्यम वायन. राणीचा मुखवटा कोरणारा लंडनच्या टांकसाळीतला हा कारागीर. कंपनीचे राज्य 1858 साली संपले, इंग्रज 1947 साली गेले, चांदीचा रुपया व्यवहारातून गेला. पण त्या कारागिराची सही आपल्या मुलखातल्या गळ्यांत अजून लटकते आहे.

आता तुमच्या घरातला नाण्यांचा डबा काढा. 1990 साली बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचा रुपया निघाला. 1999 साली छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे आणि संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे नाणे निघाले. 2002 साली तुकोबांचे दोन रुपयांचे नाणे आले. यांतले एखादे तुमच्याकडे असेल, तर तेही तसेच निरखा. साल दिसेल. सालाखाली बारीक खूण दिसेल. हिऱ्यासारखी खूण असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, टिंब असेल तर नोएडाचे. काहीच नसेल तर कलकत्त्याचे. म्हणजे टांकसाळीला खूण आहे. महाराजांचा चेहरा ज्याने घडवला, त्याला मात्र नाही.

थोरांच्या स्मरणार्थ नाणी काढण्याची स्वतंत्र भारतातली चाल 1964 सालची. पंडित नेहरू गेले आणि त्यांच्या मुद्रेचा रुपया व आठ आण्यांचे नाणे निघाले. अशी नाणी पेटीत ठेवण्यासाठीही काढतात. पण जी बाजारात खेळतात, त्यांची गोष्ट वेगळी. मीठ-मिरची घेताना, एस.टी.चे तिकीट काढताना ती हातात येतात. ज्या घरात भिंतीवर एकही चित्र नाही, त्या घरातही हे चित्र पोचते.

हे चित्र काढणे सोपे नाही बरं का! चित्रकार आधी कागदावर आराखडा करतो. मग नाण्याच्या कितीतरी पट मोठी उठावाची प्रतिमा प्लॅस्टरमध्ये घडवायची, ही जुनी रीत. त्या प्रतिमेवरून एक यंत्र काटा फिरवीत लहान पोलादी प्रतिमा कोरी आणि तिच्यावरून ठसे तयार होत. आता संगणक आला. पण चेहरा कुठे उंच ठेवायचा, कुठे दबवायचा, हे ठरवायला अजून माणसाचीच नजर लागते. बोटाच्या नखाएवढ्या जागेत तुकोबा ओळखू आले पाहिजेत आणि वर्षानुवर्षे झिजूनही ओळखू आले पाहिजेत.

या कष्टाचे नाव कुठे लिहावे, यावर अमेरिकेत एक मजेदार भांडण झाले. अब्राहम लिंकन यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली म्हणून 1909 साली तिथे एक सेंटचे नाणे निघाले. ते घडवले व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांनी. हे लिथुआनियातून आलेले कारागीर. त्यांच्या नावाची तीन आद्याक्षरे नाण्याच्या मागच्या बाजूला होती. ती फार ठळक आहेत, अशी ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत सरकारने ती काढून टाकली. पुढे 1918 साली ती परत आली. लिंकनच्या खांद्याखाली, अगदी बारीक. तंटा मिटला. युरोपच्या युरो नाण्यांवरही सामाईक बाजूला 'एल एल' ही अक्षरे आहेत, बेल्जियमच्या ल्यूक ल्यूक्स यांची.

तुम्ही म्हणाल, नाणे सरकारचे. त्यावर कारागिराचे नाव कशाला? शिवाय एका नाण्यामागे अनेक हात असतात. म्हणणे रास्त आहे. पण नाव म्हणजे नुसती शाबासकी नव्हे, ती जबाबदारीही आहे. 1911 सालच्या रुपयावर राजा पंचम जॉर्जच्या झग्यावर एक चिमुकला हत्ती होता. त्याची सोंड इतकी आखूड झाली, की लोकांना तो डुक्कर वाटला. गवगवा झाला, नाणी मागे घ्यावी लागली आणि 1912 साली हत्तीला नीट सोंड मिळाली. चुकीची एवढी चर्चा होते, तर बरोबर काढलेल्या चित्राचा धनी का कळू नये?

आणि जागेचीच अडचण असेल, तर नाण्यावर नको. कागदावर तरी लिहा. नव्या नाण्याचा धातू, वजन, व्यास, कडेचे दाते हे सारे राजपत्रात छापून येते. त्यात एक ओळ चित्रकाराची घालायला किती शाई लागेल? टपाल खाते हे करतेच. नवे तिकीट निघाले, की सोबतच्या माहितीपत्रकात ते कोणी काढले, हे छापतात. रुपयाचे चिन्ह 2010 साली खुल्या स्पर्धेतून निवडले, तेव्हा डी. उदय कुमार हे नाव देशाला कळले. 2011 पासून ते चिन्ह नाण्यांवर आले. कळल्याने रुपयाची किंमत काही कमी झाली नाही!

आपल्याला ही रीत परकी नाही. अभंगाच्या शेवटी संत आपले नाव गुंफतात. त्याला आपण म्हणतो नाममुद्रा. आणि मुद्रा म्हणजे नाणेसुद्धा! तुकोबांच्या अभंगांना त्यांची नाममुद्रा. पण तुकोबांच्या नाण्याला त्याच्या कर्त्याची नाही.

गुरुजी, बाई, तुम्हाला एक विनंती. उद्या वर्गात मुलांना आपल्या गावच्या एखाद्या थोर माणसाचे नाणे काढायला सांगा. वाटीएवढे वर्तुळ, त्यात चेहरा, त्याखाली साल. आणि शेवटी कोपऱ्यात प्रत्येकाला आपली दोन अक्षरे लिहायला लावा. बारीक लिहा म्हणावे, पण लिहा. त्यांतला एखादा पोरगा किंवा पोरगी उद्या टांकसाळीत जाईल, तेव्हा ही सवय तिथे घेऊन जाईल.